मोबाईल घ्या, पण बैल पारखतो तसा पारखून



भाताची कापणी उरकली, झोडणी झाली आणि हातात चार पैसे खेळायला लागले की घराघरात एक विषय हमखास निघतो. नवा मोबाईल. पोरगा म्हणतो, वाशीला सेल लागलाय. सून म्हणते, माझ्या फोनची काच फुटली त्याला वर्ष झालं. म्हातारा ओटीवरून विचारतो, जुन्याला काय धाड भरलीय? पेपर उघडावा तर पहिले अख्खे पान जाहिरातीचे. इतके मेगापिक्सेल, फाइव्ह जी, आणि आता त्यात भर म्हणून कृत्रिम बुद्धिमत्ता. बियाण्याच्या पिशवीवरचे बारीक अक्षर आपण कधी वाचत नाही, पण ही जाहिरात मात्र बोट ठेवून वाचतो.

मी मोबाईलच्या विरोधात नाही. कृषी खात्यात काम करणाऱ्या माणसाचा निम्मा दिवस आज मोबाईलवरच जातो. पंचनामा त्यावर, फोटो त्यावर, अहवाल त्यावर, आणि वरच्या साहेबांचा निरोपही त्यावरच. माझे म्हणणे एवढेच आहे की मोबाईल ही आता चैनीची वस्तू राहिली नाही. नांगर, विळा, फवारणीचा पंप यांच्या रांगेत बसणारे ते एक अवजार झाले आहे. मग अवजार घेताना आपण जो हिशेब मांडतो तोच इथेही मांडायला हवा. ते बांधावर किती उपयोगी पडते आणि घेतल्यानंतर किती खाते, हे दोन प्रश्न आधी विचारा. आणि ज्याच्याजवळ हे अवजार नाही त्याचे काम अडवायचे नाही, हे आम्हा कर्मचाऱ्यांनी शिकायला हवे. मला हे एका शेतकऱ्याने शिकवले. ती हकीकत आधी सांगतो.

भात खळ्यात, कागदावर नाही

पनवेल तालुक्यात डोंगराच्या कुशीत एक वाडी आहे. तिथले एक काका, साठी उलटलेले, दोन एकर भाताचे धनी. २०२५ च्या खरिपाआधी गावात आमची सभा झाली. मी नेहमीप्रमाणे सांगितले, यंदाही पीक पाहणी मोबाईलवरून करायची आहे, ॲप घ्या, शेतात उभे राहून फोटो काढा, नोंद पाठवा. काकांनी विचारले, "साहेब, माझा साधा फोन चालंल का?" मी म्हणालो, "नाही काका, अँड्रॉइड लागेल." आणि पुढच्या मुद्द्याकडे वळलो.

काकांनी दोन बोकड विकले, नातवाला घेऊन वाशी गाठली आणि नवा फाइव्ह जी फोन घेतला. दुकानदाराने कॅमेऱ्याचे गुण गायले. पण काकांचे शेत आहे डोंगराच्या आड. तिथे फाइव्ह जी सोडा, साधे बोलायलाही दोन वावरे ओलांडून टेकाडावर जावे लागते. शेतात फोटो निघे, पण नोंद काही पुढे जाईना. त्यातच सिम कार्ड नातवाच्या नावावर, आणि नातू भाद्रपदात कामावर गेला तो सिम घेऊनच. ओटीपी त्याच्याकडे, भात इकडे. मुदत संपली. राहिलेल्या गटांची पाहणी नंतर सहायकाने करायची असते, तीही त्या डोंगराआडच्या गटापर्यंत पोचली नाही.

पुढे काय झाले ते तुम्हाला सांगायला नको. सातबाऱ्यावर पिकाची नोंद नाही, म्हणून आधारभूत खरेदीला भात घालता येईना. २०२५-२६ च्या हंगामाला साध्या भाताचा आधारभूत भाव क्विंटलला २,३६९ रुपये होता. काकांनी व्यापाऱ्याला भात घातला तो त्यापेक्षा चारशे रुपये कमी घेऊन. मला भेटले तेव्हा भांडले नाहीत. एवढेच म्हणाले, "साहेब, भात शेतात हाय, खळ्यात हाय, मग कागदावर का नाय?"

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. "अँड्रॉइड लागेल" हे उत्तर मी दिले होते, ते खरेही होते, पण पुरे नव्हते. कोणता, कशासाठी, तुमच्या शेतात रेंज आहे का, सिम कोणाच्या नावावर आहे, हे चार प्रश्न मी विचारले असते तर दोन बोकड आणि क्विंटलमागचे चारशे रुपये दोन्ही वाचले असते. हा लेख त्या राहिलेल्या चार प्रश्नांसाठी आहे.

बैल स्वस्त, वैरण महाग

मोबाईलची ही सगळी लाट आपल्या उंबऱ्यावरूनच गेली, हे आपल्याकडच्या पुष्कळांच्या लक्षात नसते. देशातला पहिला मोबाईल फोन ३१ जुलै १९९५ रोजी कोलकात्याहून दिल्लीला झाला. मुख्यमंत्री ज्योती बसू आणि दूरसंचार मंत्री सुखराम त्यावर बोलले. तेव्हा आलेल्या फोनलाही पैसे पडत. ती वस्तू बिल्डरांची आणि पुढाऱ्यांची. आपण एसटीडी बूथच्या काचेच्या खोलीत उभे राहून मीटरवरचे लाल आकडे पळताना पाहत होतो.

मग आले २००३ साल. त्या वर्षी येणारे फोन फुकट झाले आणि त्याच पावसाळ्यात रिलायन्स इन्फोकॉमने 'मान्सून हंगामा' नावाची योजना काढली. ५०१ रुपये भरा आणि हँडसेट घेऊन जा. या कंपनीचा कारभार चाले कोपरखैरण्याच्या धीरूभाई अंबानी नॉलेज सिटीतून. रिक्षावाला, भाजीवाली, मासेवाली, सगळ्यांच्या हातात फोन दिसू लागला. ही गोष्ट मोठी होती, ती नाकारण्यात अर्थ नाही. पण तो हँडसेट त्या एकाच कंपनीवर चाले. मासिक बिलाची बांधिलकी वेगळी. दुसऱ्या कंपनीचे सिम त्यात बसत नसे. २०१७ च्या अखेरीस त्या कंपनीची मोबाईल सेवाच बंद पडली.

दुसरी लाटही ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेनेच उठली. घणसोलीच्या रिलायन्स कॉर्पोरेट पार्कातून चालणाऱ्या जिओने ५ सप्टेंबर २०१६ रोजी सेवा सुरू केली आणि २१ जुलै २०१७ रोजी जिओफोन जाहीर केला. १,५०० रुपये अनामत, तीन वर्षांनी परत, म्हणजे फोन जणू फुकट. पण अनामत परत मिळण्याला रिचार्जच्या अटी होत्या. फोन काही वाईट नव्हता, बटणांचा होता, बॅटरी टिके, म्हाताऱ्या माणसांनाही जमे. मात्र तो अँड्रॉइड नव्हता. म्हणून १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी आली तेव्हा ज्यांच्या घरात तेवढाच एक फोन होता, त्यांची अडचण झाली.

यातून घ्यायचा धडा सरळ आहे. बाजारात बैल स्वस्त मिळाला म्हणून कोणी लगेच दावणीला बांधत नाही. आधी विचारतो, याची वैरण काय? मोबाईलची वैरण म्हणजे रिचार्ज, दुरुस्ती आणि अपडेट. डब्यावर छापलेली किंमत ही फक्त बैलाची किंमत.

आता पाटी-पेन्सिल घेऊन बसा. कंपन्यांचा 'महिना' बहुतेक पॅकमध्ये २८ दिवसांचा असतो. म्हणजे वर्षाला १२ नाही, १३ रिचार्ज. उदाहरणाला रिचार्ज ३०० रुपयांचा धरू. वर्षाचे झाले ३,९०० रुपये. युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते, त्या हिशेबाने चौदा गोण्या. तीन वर्षांचे ११,७०० रुपये. म्हणजे १२ हजारांचा फोन घेतला तर तीन वर्षांत तेवढाच दुसरा फोन रिचार्जमध्ये जातो. घरात असे चार फोन असतील तर गुणाकार तुम्हीच करा.

यावर एक उपाय फार कमी लोकांना ठाऊक आहे. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना इंटरनेट नको असते, नुसते बोलायचे असते. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने कंपन्यांना फक्त बोलण्याचे आणि एसएमएसचे वेगळे पॅक ठेवणे भाग पाडले, तेही ३६५ दिवसांपर्यंतच्या मुदतीचे. दुकानदार ते आपणहून सांगणार नाही. आपण मागायचे. तसेच ३० दिवसांचा पॅकही प्रत्येक कंपनीने ठेवलाच पाहिजे, असा ट्रायचा २०२२ पासूनचा नियम आहे.

आणि हप्त्यांबद्दल. 'शून्य टक्के व्याज' या अक्षरांखाली प्रक्रिया शुल्क किती, ते विचारा. एखादा हप्ता चुकला तर दंड लागतो, शिवाय तो सिबिलच्या नोंदीत चढतो. पीक कर्जाला बँकवाले सिबिल दाखवतात, ही तक्रार तुम्हीच माझ्याकडे करता. फोनच्या हजार रुपयांच्या हप्त्यापायी उद्याचे पीक कर्ज अडायला नको. पैसे साठवून रोखीने घ्या, नाहीतर एक हंगाम थांबा. मोबाईल काही वाफसा नव्हे, की आज साधला नाही तर गेला.

दुकानात काय पाहावे

बैल घेताना आपण दात बघतो, खूर बघतो, चार पावले चालवून बघतो. शिंगांचा रंग बघून पैसे मोजत नाही. मोबाईलमध्ये मेगापिक्सेलचा आकडा म्हणजे शिंगांचा रंग. पिकाच्या नोंदीला आणि पानावरच्या करप्याचा फोटो आम्हाला पाठवायला साध्यातला साधा कॅमेराही पुरतो.

पहिली गोष्ट, रेंज. दुकानात नाही, आपल्या शेतात कोणत्या कंपनीची रेंज येते ते आधी पाहा. शेजाऱ्यापाजाऱ्यांचे वेगवेगळ्या कंपन्यांचे फोन घेऊन बांधावर उभे राहा, अर्ध्या तासाचे काम आहे. फाइव्ह जी देशात १ ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाले, पण सगळ्या वाड्या-पाड्यांवर ते सारखे पोचलेले नाही. त्याला कारण आहे. लहर जितकी उंच तितकी ती थोड्या अंतरात विरते. पालखीतला ढोल वेशीबाहेर ऐकू जातो, टाळ नाही, तसेच हे. फाइव्ह जीच्या काही लहरी टाळासारख्या आहेत. वेग भरपूर, पण पल्ला थोडा आणि डोंगर मध्ये आला की संपले. तुमच्या शिवारात फोर जीच धड येत असेल तर फाइव्ह जीसाठी जादा पैसे मोजण्यात आज तरी लाभ नाही. दोन सिमचा फोन घ्या आणि शेतात जी कंपनी चालते तिचे सिम त्यात ठेवा.

दुसरी गोष्ट, ऊन. फोन हातात घेऊन दुकानाच्या बाहेर या. भर दुपारच्या उन्हात पडद्यावरचे अक्षर वाचता येते का ते पाहा. दुकानातल्या सावलीत सगळेच फोन चकचकीत दिसतात. बाहेर आल्यावर निम्मे आंधळे होतात.

तिसरी गोष्ट, जागा शोधण्याची शक्ती, म्हणजे जीपीएस. आपण कोणत्या गटात उभे आहोत हे फोन उपग्रहांवरून ओळखतो. त्याला टॉवर लागत नाही, पण मोकळे आभाळ लागते. आंब्याखाली किंवा मांडवात उभे राहून लोकेशन चुकते ते यामुळे. दुकानाबाहेर नकाशा उघडा. निळा ठिपका रस्त्यापलीकडच्या इमारतीवर नाचत असेल तर तो उद्या तुमचे भात शेजाऱ्याच्या गटात दाखवील. मात्र जागा ओळखायला इंटरनेट लागत नसले, तरी नोंद पाठवायला ते लागतेच. काकांचा फोन अडला तो इथे.

चौथी गोष्ट, अपडेट. फोन मोडला नाही, पडला नाही, तरी एक दिवस ॲप म्हणते, तुमचा फोन जुना आहे, मी चालणार नाही. खूप स्वस्त फोनला कंपनी थोडीच वर्षे अपडेट देते. अँड्रॉइडची आवृत्ती कोणती आणि अपडेट किती वर्षे मिळणार, हे विचारा आणि बिलावर फोनचे पूर्ण मॉडेल लिहून घ्या. 'आठ हजारांचा' म्हणून घेतलेला फोन दोन वर्षांत बाद झाला, तर 'बारा हजारांचा' चार वर्षे चालणारा स्वस्त पडला. हा हिशेब आपण पाइपलाइनच्या पाइपात बरोबर करतो, फोनमध्ये विसरतो.

पाचवी गोष्ट, दुरुस्ती. सर्व्हिस सेंटर तालुक्याला आहे का? बॅटरी आणि काच बदलायला किती पडतात? केंद्र सरकारच्या ग्राहक खात्याने 'दुरुस्तीच्या हक्का'साठी जुलै २०२२ मध्ये समिती नेमली, तेव्हा सुरुवातीला चार क्षेत्रे घेतली. शेतीची अवजारे, मोबाईल आणि टॅब्लेट, घरगुती उपकरणे आणि वाहने. शेतीचे अवजार आणि मोबाईल सरकारनेच एका ओळीत बसवले, ते मला योग्य वाटते. दोन्हीत दुःख एकच, बिघाड लहान आणि सुटा भाग मिळत नाही. त्याच वर्षी २४ डिसेंबरला त्यासाठी एक पोर्टलही सुरू झाले. पक्के बिल जपून ठेवा. तक्रारीला १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला ग्राहक आयोगात फी लागत नाही.

जुना फोन घेणार असाल तर आणखी एक खबरदारी. स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश ही बटणे दाबली की १५ आकडी आयएमईआय क्रमांक दिसतो. 'केवायएम' असे इंग्रजीत लिहून, जागा सोडून तो क्रमांक १४४२२ ला एसएमएस करा. फोन चोरीचा म्हणून बंद केलेला असेल तर कळते. बाजारात दाखला बघितल्याशिवाय आपण बैल घेत नाही, मग फोन का घ्यावा?

भाव कळणे आणि भाव मिळणे

'मोबाईलवर भाव कळतो, आता शेतकऱ्याला कोणी फसवू शकत नाही,' असे भाषणात बोलले जाते. यात अर्धे खरे आहे. ते अर्धे कोणते, ते नीट पाहू.

केरळच्या उत्तर किनाऱ्यावर १९९७ ते २००१ या काळात मोबाईल आला. रॉबर्ट जेन्सन या अभ्यासकाने तिथल्या मच्छीमारांचा हिशेब ठेवला. मच्छीमार समुद्रातूनच फोन करून कोणत्या बंदरात गिऱ्हाईक आहे ते विचारू लागले आणि होडी तिकडे वळवू लागले. मासळी फेकून देणे जवळपास थांबले, मच्छीमारांचा नफा ८ टक्क्यांनी वाढला आणि गिऱ्हाइकाला मासळी ४ टक्के स्वस्त मिळाली. दोघांचाही फायदा झाला.

आता आपल्या महाराष्ट्रातले पाहा. २००७ साली रॉयटर्सने मोबाईलवर बाजारभाव आणि हवामान पाठवणारी एसएमएस सेवा इथे सुरू केली. फाफशाँ आणि मिंटेन या दोन अर्थतज्ज्ञांनी राज्यातल्या १०० गावांत तिची चाचणी घेतली. २०१२ साली निष्कर्ष छापून आले. सेवा घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या शेतकऱ्यांना मिळालेल्या भावात सरासरीने म्हणावा असा फरक पडला नाही.

असे का? मच्छीमाराची होडी त्याच्या हातात होती, सुकाणू फिरवले की दुसरे बंदर. आपली भेंडीची चार क्रेट आणि पडवळाचे दोन भारे टेम्पोत एकदा चढले की ते तुर्भ्याच्याच बाजारात जाणार. मुंबईचा कांदा-बटाटा बाजार १९८१ साली नव्या मुंबईत आला, भाजी आणि फळांचा १९९६ साली. तेव्हापासून आपल्या भागाच्या भाजीचा रस्ता ठरलेला आहे. पहाटे तीनला बाजाराच्या फाटकाशी उभे असताना मोबाईलवर पुण्याचा भाव दोन रुपये जास्त दिसला तरी त्याचा उपयोग काय? भाव कळला, पण माल वळवायची ताकद नाही.

ती ताकद फोन देत नाही. ती गटाने येते. दहा जणांची भाजी एकत्र केली की टेम्पो आपला, मग बाजार आपण निवडू. फोनने एवढे करा की काढणीच्या आदल्या संध्याकाळी पणन मंडळाचे भाव बघा, दोन अडत्यांना विचारा आणि मग तोडा ठरवा. माल निघायच्या आधी कळलेला भाव कामाचा, फाटकाशी कळलेला भाव नुसता जिवाला चटका.

आणि फाइव्ह जी नाही, अँड्रॉइड नाही म्हणून कोणी अडून बसू नये. किसान कॉल सेंटर २००४ सालापासून चालू आहे. १८००-१८०-१५५१ हा क्रमांक साध्या बटणाच्या फोनवरूनही फुकट लागतो आणि मराठीत बोलता येते.

लिंकला हात लावू नका

चोरांनीही आता वेळापत्रक पाहायला सुरुवात केली आहे. पीएम किसानचा हप्ता जवळ आला की व्हॉट्सॲपवर 'यादीत नाव बघा' म्हणून एक फाइल येते. तिच्या नावाच्या शेवटी 'एपीके' अशी अक्षरे असतात. ती उघडली की फोनचा ताबा चोराकडे आणि खात्यातले पैसे गायब. सरकारी ॲप अशा फाइलने येत नाही, ते प्ले स्टोअरवरूनच घ्यायचे. चूक झालीच तर लाजू नका, लगेच १९३० ला फोन करा. पहिल्या तासात कळवले तर पैसे रोखण्याची शक्यता जास्त. ओटीपी म्हणजे कणगीची किल्ली. शेजाऱ्याला आपण कणगीची किल्ली देत नाही.

गावकारभाऱ्यांना विनंती

आता तलाठी, ग्रामसेवक आणि माझ्यासारखे कृषी खात्याचे लोक, आपल्याविषयी. आपल्या हुद्द्यांची नावे शासनाने बदलली, पण लोक आपल्याला अजून भाऊसाहेबच म्हणतात. या शब्दात भाऊ आधी येतो.

पूर्वी पीक पाहणी हे तलाठ्याचे काम होते. तेव्हा ती चावडीत बसूनही होई आणि न पेरलेले पीक सातबाऱ्यावर उगवे, हेही आपण जाणतो. शेतकऱ्याने स्वतः उभे राहून नोंद करावी, ही कल्पना चांगली आहे. मी तिच्या बाजूचा आहे. पण शेतकऱ्याला हक्क देणे आणि त्याच्यावर ओझे टाकून मोकळे होणे यात फरक आहे. शेतकरी ओळखपत्र, ई-केवायसी, पीक पाहणी, अर्ज, सोडत, सगळे फोनवर. ज्याच्याजवळ फोन नाही, ज्याच्या शेतात रेंज नाही, ज्याचा अंगठा राबून राबून घासला म्हणून यंत्र घेत नाही, तो आपल्या दारात येतो तेव्हा 'ऑनलाइन करा' एवढे सांगून त्याला परत पाठवायचा अधिकार आपल्याला कोणी दिलेला नाही.

एक काळ असा होता की गावात टीव्ही एकच असे. संध्याकाळी मुंबई दूरदर्शनवर 'आमची माती आमची माणसं' लागले की अख्खी आळी त्या एका पडवीत बसे. एका यंत्रावर पन्नास माणसांचे काम होई. पीक पाहणीचे ॲपही तसेच आहे, एका मोबाईलवरून अनेक खातेदारांची नोंद करता येते. मग 'गावाचा मोबाईल' का असू नये? ग्रामपंचायतीने एक बरा फोन घ्यावा, दोन कंपन्यांची सिम त्यात घालावी. मुदतीच्या पहिल्या पंधरवड्यात शिवारवार दिवस ठरवून दवंडी द्यावी. आज डोंगराकडचे गट, उद्या खाडीकडचे. तलाठी, कृषी सहायक आणि गावातला एखादा शिकलेला मुलगा, तिघांनी मिळून फिरावे. ज्याचा त्याचा ओटीपी ज्याच्या त्याच्या साध्या फोनवर येतो, शेतकरी समोर उभा असतो, मग अडते कुठे? मुदत संपायच्या आठ दिवस आधी राहिलेल्या गटांची यादी चावडीवर लावावी. रेंज नसलेले गट कोणते ते आपल्याला तोंडपाठ असतात. सहायकाने सुरुवात त्या गटांपासून करावी, शेवट नव्हे.

याला वेगळा निधी लागत नाही. एका फोनची किंमत एका गावाला जड नाही. काकांना मात्र ती दोन बोकडांना पडली.

नवी मुंबई उभी राहिली ती ९५ गावांच्या जमिनीवर. जिथे भाताची खाचरे आणि मिठागरे होती तिथे ऐरोली-महापे पट्ट्यात आज डेटा सेंटरच्या इमारती आहेत. क्लाऊड म्हणजे काही आभाळातला ढग नव्हे. तुम्ही बांधावरून पाठवलेला फोटो अशाच कुठल्यातरी इमारतीतल्या यंत्रात जाऊन बसतो. त्या जमिनी दिल्या शेतकऱ्यांनी. त्यावर उभ्या राहिलेल्या यंत्रात शेतकऱ्याच्या भाताची नोंद नसावी, हे बरे दिसत नाही.

काकांकडे मी परवा गेलो होतो. सिम त्यांच्या नावावर करून घेतले. शेतात कोणती कंपनी चालते ते तिघा शेजाऱ्यांचे फोन घेऊन पाहिले, एकीची दोन कांड्या रेंज आली, तिचे सिम फोनमध्ये घातले. रब्बीत त्यांनी भाताच्या ओलीवर वाल टाकला आहे. बांधावर उभे राहून आम्ही दोघांनी वालाची नोंद केली. ती पुढे गेली तसे काका हसले आणि म्हणाले, "आता वाल तरी कागदावर आला."

तुमच्या गावात असे काका किती आहेत, ते येत्या पाहणीआधी मोजा. आणि फोन घ्यायला वाशीला निघण्याआधी एकदा आपल्या बांधावर जाऊन उभे राहा.